वाळुंजाचं पाणी

पावडरची डबी सोमवारी संपली.
पलूसच्या दुकानात म्हणाले, पुढच्या आठवड्यात येईल.
आटपाडीहून आलेल्या डाळिंबाच्या चारशे काड्या
ओल्या गोणपाटात गुंडाळून पडलेल्या,
आणि काडी काही पुढच्या आठवड्यापर्यंत थांबत नाही.

नबीलाल मुजावर सायकलवरून उतरला.
कॅरिअरवर भारा, कृष्णाकाठच्या वाळुंजाचा,
पेन्सिलीएवढ्या कोवळ्या फांद्या.
"कुजवू नगं, नुस्तं भिजव. दोन रात्री.
ह्ये झाड मुळं सोडताना कुणाला इचारत न्हाई.
पुरात मोडलं तर जिथं गाळ लागंल तिथं उभं."

मी डिप्लोमावाली, मला आकडा लागतो.
किती पीपीएम, म्हटलं.
म्हणाला, एक बादली.

पाला ओरबाडला, बोटभर तुकडे केले,
रंगाची जुनी बादली, वर ताट, ताटावर वीट.
त्याच फांदीतली एक जाड काठी
ढवळायला घेतली त्यानं.
तिसऱ्या सकाळी पाणी
दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं,
वास थोडा ओल्या सालीचा, थोडा
डोकं दुखताना जिभेवर विरघळून राहिलेल्या गोळीचा.

काडी खाली डोळ्याला लागून तिरकी कापायची,
वर सपाट,
म्हणजे घाईत उलटी खोचली जात नाही.
रात्रभर त्या पाण्यात उभी.
सकाळी टोकाला कोरफडीचा गर, की कोकोपीटमध्ये.
शंभर मात्र मी मुद्दाम साध्या पाण्यात ठेवल्या.
नबीलालला ते आवडलं नाही.
"त्यांनी काय घोडं मारलंय?" म्हणाला.

मग काहीच करायचं नाही,
हेच काम सगळ्यात अवघड.
भिलवडीच्या पुलावरून उसाचे ट्रॅक्टर जात राहिले,
शेडनेटखाली मी झारी घेऊन
उपटून बघायचा मोह आवरत राहिले.
उपटायचं नसतंच. दोन बोटांत धरून
अगदी हलकं ओढायचं.
काडी सुखासुखी वर आली तर ती लाकूडच.
आणि खालून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटलं तर सोडून द्यायची, लगेच.
ओढ म्हणजे एवढंच असतं, हे मला
कुठल्या सेमिस्टरला शिकवलं नव्हतं.

तिसाव्या दिवशी मोजल्या.
वाळुंजाच्या तीनशेतल्या दोनशे चार.
साध्या पाण्यातल्या शंभरात बत्तीस.
वहीत लिहिलं, खाली तारीख घातली.
पण त्या बत्तीस जणींसमोर
का कोण जाणे जास्त वेळ बसले.
कुणाचं काही न घेता आलेली
बारीक, पांढरी, केसासारखी मुळं.

पाय धुवायला नळावर गेले तेव्हा दिसलं:
ढवळायची काठी,
काम झाल्यावर नबीलालनं तिथंच चिखलात खोचलेली.
तिला सात पानं.
ना गर, ना ट्रे, ना सावली,
वहीत तिच्यासाठी रकानासुद्धा नाही.

दुकानातून फोन आला, पावडर आलीय.
घेऊन ठेवा म्हटलं.
लागते, कधीकधी लागते.

नबीलाल सायकल आता
नळापाशी लावत नाही.