लोकेशन

पाच फूट नाली आमीच खोदली,
घाटंजीच्या रोडनं, पावणेदोन किलोमीटर,
मी अन् देवानंद, मीटरच्या भावानं.
नारंगी पाइप मी माह्या हातानं टाकला.
मुकादम म्हणे, याच्यातून काचेचा धागा जाते
केसावानी बारीक,
अन् धाग्यातून अख्खी दुनिया.
मी म्हटलं, जाऊ दे बाप्पा, आधी मजुरी दे.

दुनिया गेली.
ग्रामपंचायतच्या भिंतीवर एका पेटीत जाऊन बसली.
पेटीले कुलूप,
चाबी कोनापाशी ते सचिवाले मालूम नाई.
आत पाल राह्यते.
मी तथी झाडू मारतो तवा तिची शेपटी दिसते.

नाल्यापल्याड, ई-क्लासवर, आमची एकवीस घरकुलं.
एकाच मापाची, एकाच रंगाची.
पिऊन आलेला माणूस
रात्री दुसऱ्याचीच कडी वाजवते.
इथं फोन म्हंजे टॉर्च.
रिचार्ज म्हंजे दोन दिवसाचं निंदण,
अन् तेवढं मारूनही एकच काडी येते,
सरड्यावानी मान हलवते,
जाते.

शेवटचा हप्ता अडकला होता फोटोपायी.
साहेब तीनदा आले.
मले दारात उभं केलं. दार नव्हतं, चौकट होती.
पदर घ्या, इकडं पाहा, हासू नका.
मंग मोबाईल वर धरून
हरवलेली कोंबडी हुडकावी तसे
आंगणात गोल गोल फिरले.
"लोकेशन घेत नाई, पंचफुलाबाई.
सिस्टीममधी तुमची जागा खालीच हाय."
मी भिंतीवर हात ठेवला.
दिवसभराच्या उन्हानं भिंत तापली होती.
हे काय हाय मंग, साहेब?
ते म्हणे, मले दिसते वो,
त्याले दिसत नाई.

चौथ्यांदा आले ते "चला" म्हणतच आले.
नाल्याच्या काठाकाठानं,
साहेब समोर, मी मागं,
त्यायचा हात वर, आरती धरल्यावानी.
मसनवटीच्या टिनापाशी फोन टुणकन वाजला.
तीन काड्या. पक्क्या.
घराचा फोटो त्यायच्यापाशी होताच,
जागा तेवढी तथली लागली.
मले म्हणे, कोनाले सांगू नका.
मी म्हटलं, कोनाले सांगू?

महिन्यानं हप्ता आला.
लोखंडी दार लावलं, हिरवं.
अन् तालुक्याच्या नकाशात
माहं घर मसनवटीत हाय.
देवानंदले दोन दिवस भाकर गोड लागली नाई.
आचल मातर पोट धरधरून हासली:
"आई, तथी तं जायचंच हाय कवातरी.
पत्ता लागून गेला, फेरा वाचला."

आता सारे पोट्टे संध्याकाळी तथीच बसते,
टिनाखाली, सिमेटच्या बाकावर,
निळी निळी थोबाडं घेऊन.
कोनी वारलं त्या दिवशी सुट्टी.
म्हातारा गोमाजी काठी टेकत येते,
पेन्शनचा ओटीपी आला का पाह्यते.
म्हणते, रोज येतो, रोज वापस जातो,
एक दिवस ओटीपी येईन अन् मी उठणार नाई.
पोट्टे त्याले बाकावर जागा देते.

काल नर्सिंगच्या फारमाची शेवटची तारीख होती.
नऊ वाजले, आचल आली नाई.
मी टॉर्च घेऊन निंघाली.
रोडच्या कडीले सिमेटचा खुंट हाय,
आमीच गाडलेला.
खाली केबल आहे, खोदू नये.
तेवढं वाचता येते मले.
त्याच्यावर बसून चपलीतला काटा काढला.
तिकडं अंधारात सात-आठ उजेड,
त्यातला माह्या पोरीचा कोनता
काही वळखू आला नाई.

हाक मारली, आचल, घरी चाल वो!

तिकून आवाज आला:
कोनत्या?