सातव्या होलवर

सडा इथं संपतो. पुढे कातळाची कड,
खाली खाडी, आणि पलीकडे
काजूच्या राईपुढे हिरवा एक रुमाल,
त्यात काठी, काठीला फाटकं निशाण.

अंतर कागदावर काहीच नाही.
पण गेल्या रविवारी तीन चेंडू पाण्यात,
त्याआधी दोन,
आणि झोपेतही तोच आवाज: डुबुक.

मी ड्रायव्हर मागतो, चौघांदेखत.
गेल्या रविवारचा राग अजून मनगटात.
बाबल पिशवीची चेन लावून टाकतो.
"वारो बगा आधी."
निशाण तर निपचित.
"निशाण नको. त्या माडाचो शेंडो बगा."
शेंडा समुद्राकडून येणारं काहीतरी
केव्हाचा ऐकत होता.

मग त्यानं सात नंबर हातात दिला,
बोट डावीकडे, करवंदीच्या अलीकडे,
जिथं खाडी बारीक होते.
"थंयसर मारा. चार झाले तर होवंदेत.
हसतले ते हसांदेत."

हसलेच. कर्पे वकील तर खोकला लागेपर्यंत.
श्वास सोडला तेव्हा कळलं,
इतका वेळ तो धरून ठेवला होता.
चेंडू गेला, बेताचा, बिनरुबाब,
तांबड्या मातीत दोनदा उडून थांबला.

चार झाले. एक जास्त.
खाडीकडे मी वळूनही पाहिलं नाही.

पाहिलं बाबलनं.
ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून
बुडालेले चेंडू वेचतो तो, धुतो,
आणि आम्हालाच विकतो, वीस रुपयांना एक.

"आज माजो धंदो बुडयल्यात," म्हणाला,
आणि पिशवी खांद्यावर टाकून
आठव्याकडे
माझ्यापुढे चालू लागला.