नजरी नकाशा

आधी नकाशा काढायचा, प्रशिक्षणात सांगितलं होतं.
विहिरीला गोल, पक्क्या घराला चौकोन,
कच्च्याला त्रिकोण.
पश्चिमेला पोचले तर समुद्राला चिन्हच नव्हतं.
नुसतं लिहिलं : हद्द.

पूर्णगडच्या वरच्या वाडीत सतरा चौकोन,
अकरांना कुलूप.
"गणपतीत या बाई," दाजी शिवलकर म्हणाले,
"तेव्हा मोजा. पाय ठेवूक जागा नसते."

कलमांच्या बागेत, पत्र्याखाली, टेकबहादूर.
जन्मस्थान विचारलं तर हात वर केला,
सड्याच्याही वर.
बायकोचं नाव सांगताना लाजला.

जेटीवर सुक्रा ओराँव जाळं विणत होता.
गुमल्याचा. तीन दिवसांची वाट.
समुद्र आधी पाहिला होतास?
"पुस्तकात. निळा होता."

जैबून सोलकरने पाच नावं सांगितली,
सहाव्याला अडखळली.
काल रात्री तो कुठे झोपला, तेवढं लिहायचंय.
तिने खाडीच्या तोंडाकडे पाहिलं.
"पाण्यावर. झोपला असला तर."

मी मूळची उदगीरची, इथल्या शाळेवर आठ वर्षं.
परवा आईचा फोन : तुझं नाव इकडे घातलंय गं,
म्हणजे इथे मी नाही.

रात्री बेरीज तीनदा केली,
तीनदा वेगळी आली.
एवढ्या मोठ्या देशात
माझ्या गटाचा एक माणूस इकडेतिकडे,
कोण विचारतो.

तरी झोपण्याआधी नकाशा उघडला.
हद्दीच्या पलीकडे, कोऱ्या कागदावर
एक त्रिकोण काढला.
पेन्सिलीनेच काढलाय.
साहेबांना खोडायला सोपं.