पूस

तार्तू. नोव्हेंबर. चार वाजताच अंधार.
दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर
टेबलाशी आम्ही पाच जण, मध्ये चौदा प्रश्न,
दुसऱ्या भाषेत जन्मलेले.
त्यांना इथल्या माणसांच्या तोंडी बसवायचंय.

एस्टोनियन भाषेत खुब्याला म्हणतात पूस.
'झाडात' असं म्हणायचं तरी पूसच.
उलट भाषांतर करणाऱ्या हेल्वेबाईंनी
समासात एक बर्च काढला,
फांदीच्या बेचक्यात बाण: इथे दुखतं.

मी नुसता आकडे भरणारा.
माझ्या मराठी कानाला तो शब्द आज्ञा वाटायचा:
पूस. विचार.
आणि पाटी हातात असल्यासारखीही:
पूस. पुन्हा लिही.
महिनाभर आम्ही ही दोनच कामं केली.

'चालताना सांधा अडकतो का?'
यावर एक अख्खी दुपार गेली.
अडकतो म्हणजे कसा, तायवो म्हणाला,
चिखलात, रांगेत, की लग्नात?
किर्सीने हवेत एक दार उघडलं,
मध्येच थांबवलं, मनगटाला हिसका दिला, सोडलं.
असा.
मग शब्द शोधायचं सोडून
आम्ही ते दारच लिहून काढलं.

माणसं येऊ लागली.
एकोणीस वर्षांचा हॉकीचा गोलरक्षक,
बसतानाही गुडघे आत वळलेले.
'काळजी वाटते का' इथे पेन्सिल चावत म्हणाला,
मला, की प्रशिक्षकाला?

वाल्वेआजींनी तर मथळा वाचूनच कागद परत केला.
सक्रिय व्यक्तींसाठी? मी नाही बाई त्यातली.
खेळबिळ काही नाही माझं.
लाकडं फोडते, तळ्यात पोहते
ऑक्टोबर सरेपर्यंत,
शनिवारी मंडळात नाचते, तेवढंच.
किर्सीने कागद हळूच पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.
त्या संध्याकाळी मथळ्याखाली एक ओळ वाढली.

आणि आर्वेद. जंगलखात्यात झाडं मोजतो,
हिवाळ्यात साठ-साठ किलोमीटर स्की.
त्याच्यापुढे दहा सेंटीमीटरची रेघ,
डाव्या टोकाला असह्य, उजव्या टोकाला काहीच नाही.
मध्ये कुठेतरी तू.
त्याने काट मारली. मी पट्टी लावली. एकाहत्तर.

दोन आठवड्यांनी पुन्हा तोच कागद.
खुबा बदलला नसेल
तर आकड्यानेही बदलू नये,
ही त्यातली मेख.
पट्टी म्हणाली अठ्ठेचाळीस.

दुखणं वाढलं?
नाही.
पडलात कुठे? गोळ्या बदलल्या?
नाही.
मग?

त्याने खिडकीकडे हनुवटी केली.
बर्फ पडलाय.

पडद्यावर साठ ठिपके
मुंग्यांसारखे एका रेषेला धरून,
हा एकच खाली, वेगळा.
वगळा, उर्मास म्हणाला, संख्याशास्त्रवाला.
वाईट माणूस नाही तो,
पण शून्य पूर्णांक एक्याण्णवाचं
अठ्ठ्याऐंशी होताना त्याला बघवत नाही.
किर्सी म्हणाली, खुबा तोच आहे रे.
गेल्या पंधरवड्यात त्याला कुठे जायचंच नव्हतं.
उर्मास म्हणाला, हे आपण विचारलंच नव्हतं.
कुणीच काही बोललं नाही.
रेडिएटर तेवढा टकटकत राहिला.

मी अठ्ठेचाळीस भरलं. ठेवलं.

खाली बसथांब्यावर आर्वेद उभा,
सगळा भार उजव्या पायावर,
डाव्या बुटाच्या टाचेने
ताजा बर्फ दाबून बघत.
मला पाहून हसला.
छान धरतोय, म्हणाला.
बर्फाबद्दल.

मी पुढे काही पुसलं नाही.