गुरुवारचा रकाना

प्राध्यापक, पर्यावरण व शाश्वत विकास. पद एक. खुला.
अकरा वर्षं हीच ओळ टाइप करतो आहे,
दर वेळी तारीख तेवढी बदलते
आणि सही करणारा हात.

या खेपेला सात अर्ज.
पाच फायली इतक्या जाड
की आमचा सोपान त्यांना चिरे म्हणाला.
सहावे परदेशातून, पडद्यावर,
आवाज आधी यायचा, ओठ मागून.
सातव्या डॉ. नीलाक्षी हुपरीकर, वय चौपन्न,
एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर.
परिशिष्टाच्या जागी एक वही.

छाननीला बसलो, वही उघडली.
भिडे पुलाखालचं पाणी, दर गुरुवारी, सकाळी साडेसात.
विरघळलेला प्राणवायू, दशांशानंतर दोन अंक.
गुरुवारीच का, मी फोन करून विचारलं,
उगाच. छाननीत असला प्रश्न नसतो.
म्हणाल्या, गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद,
धुणं-भांडी तशीच पडलेली,
मग नदीवर जायला सवड होते.

समितीत पाच जण.
दिल्लीच्या तज्ज्ञांचं परतीचं विमान सव्वापाचचं.
शोधनिबंध किती? निधी किती आणलात?
निधी नाही, बाई म्हणाल्या. बाटल्या माझ्याच.
मग कोणीतरी, बहुधा दयेनं, विचारलं:
मोजता कसं?
तशा त्या खुर्चीत पुढे सरकल्या.
बाटली पाण्याखालीच भरायची,
बूचही पाण्याखालीच लावायचं,
बुडबुडा एक राहता कामा नये.
औषध घातलं की तळाशी साका बसतो.
तपकिरी बसला, तर पाण्यात जीव आहे.
पांढरा बसला, तर
(इथे सोपान चहा घेऊन आत आला)
तर नाही.

गुणपत्रकात वहीला रकाना नव्हता.
ते पत्रक मीच आखलेलं, पट्टी धरून.
ठराव झाला: योग्य उमेदवार आढळला नाही.
'योग्य'च्या आधीचा 'सु'
अध्यक्षांनी नंतर पेनानं घातला.

पंधरा दिवसांनी त्या वही न्यायला आल्या.
पर्समध्ये चिठ्ठ्या होत्या, मधल्या गुरुवारांच्या.
माझ्या टेबलाशी उभ्या उभ्याच
एकेक आकडा वहीत उतरवला.
टाळेबंदीचे नऊ चौकोन लाल शाईत: पोलीस.
एका चौकोनात: पूर.
एकात: आई.
एक कोरा होता. तारीख मला पाठ होती,
बैठकीचं पत्र मीच काढलं होतं.
त्यांनी क्षणभर पेन थांबवलं
आणि लिहिलं: मुलाखत.

पोचपावतीवर सही केली.
पुढची जाहिरात निघाली की कळवा, म्हणाल्या,
आणि जिन्यावर चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला,
लिफ्ट असूनही.

जाहिरात छपाईला लावली. पद एक. खुला.
कागद यंत्रातून गरम बाहेर आला, पांढराफेक.
मी तो उलटा ठेवला.
आज बुधवार.
घरी जाऊन बादल्या भरून ठेवायच्या आहेत.