एक वीत, तीन बोटं

शाळेतला पृथ्वीगोल मी घरी आणला,
स्टँड मोडलेला, आफ्रिकेवर कुणीतरी च्युइंगम चिकटवलेलं.
आई म्हणाली, धर नीट, घरंगळेल.
करड्या लोकरीचं एक टोक तिनं ऑकलंडवर दाबलं,
दुसरं ताणून सान्तियागोवर.
भिंतीवरच्या नकाशात ही दोन शहरं
दोन कडांना, एकमेकांकडे पाठ करून बसलेली.
गोलावर मध्ये नुसतं पाणी.
आणि धागा आडवा जाईना,
खाली खाली उतरला, जवळजवळ
आमच्या पुन्ता आरेनासच्या रेघेपर्यंत,
मग पुन्हा वर चढला.
"इतकं खाली आलंच आहे विमान,
तर तसंच पुढे का येत नाही?
वर जाऊन परत खाली कशाला?"
मला उत्तर सुचलं नाही. मी वीत लावली.
एक वीत : साडेनऊ हजार किलोमीटरच्या वर, अकरा तास.
सान्तियागो ते आम्ही : तीन बोटं, साडेतीन तास.
मधलं ताटकळणं यात धरलेलं नाही.

एलिसेओ तिकडे मेंढ्या कातरतो.
इथंही तेच करायचा.
इथं मेंढ्या कमी झाल्या, पैसे त्याहून.

बाबांना ऑक्सिजन लावला त्या रात्री मी फोन केला.
त्यानं मिळेल ते तिकीट काढून फोटो पाठवला :
निघणं गुरुवार, संध्याकाळी सहा.
पोहोचणं गुरुवार, दुपारी एक.
मी तीनदा वाचलं.
बाबांच्या कानाशी जाऊन म्हटलं,
तो निघायच्या पाच तास आधीच पोहोचतोय.
हसले असावेत. मास्कवर वाफ धरली.
चाळीस वर्षं सामुद्रधुनीत फेरी हाकली त्यांनी,
भरती-ओहोटी तोंडपाठ,
पण फुकटचे पाच तास
समुद्रानं कधी दिले नव्हते.

शिवाय वारा.
झाडांना वाकडं वाढवणारा आमचा वारा,
ज्याच्यापायी चौकात माणसांना धरायला दोर बांधतात,
तोच तिकडून येणाऱ्या विमानाला मागून ढकलतो.
आईनं त्या दिवशी त्याला एकही शिवी दिली नाही.

विमान वेळेवर उतरलं. दुपारी एक.
पुढचं पाचला होतं.
बाबा सव्वाचारला गेले.
एलिसेओ तपासणीच्या रांगेत होता.
पट्टा ट्रेमध्ये, जॅकेट ट्रेमध्ये,
फोन ट्रेमध्ये, यंत्राच्या पोटात, वाजत.

जाताना सगळं उलटं.
वारा समोरून, दीड-दोन तास जास्त.
शनिवारी रात्री उशिरा सान्तियागो सोडायचं,
सोमवारी पहाटे ऑकलंड.
मध्ये रविवार नाहीच.
आईला ते पटेना. मग त्या दिवशी जेवायचं काय?
तिनं सहा एम्पानादा बांधल्या,
फॉइलवर पेननं लिहिलं : रविवारसाठी.
तिकडे विमानतळावर मांस काढून घेतात,
हे त्यानं तिला सांगितलं नाही. मीही नाही.
करडा धागा तिनं बाबांच्या मोज्याच्या टाचेत
रफूला वापरला होता,
तो मोजा घालून तो गेला.

रविवार त्याला लागला नाही.
आमच्याकडे आला,
आणि रात्री दहापर्यंत उजेड घेऊन
स्वयंपाकघरात बसून राहिला.