दाणा

पऱ्हाटीच्या राखेत सापडलं ते,
आव्हाण्याच्या शेतात, भरिताची पार्टी उठल्यावर.
निखारे विझत आलेले,
आणि उबेला चिकटून एक पिल्लू,
तेही भाजून काढल्यासारखं, काळं-जांभळं.
म्हणून नाव भरीत.
आणि भरीतच त्याला वर्ज्य :
कांदा, लसूण, काही काही चालत नाही,
असं यामिनी फोनवर म्हणाली.
ती परभणीला ढोरांची डॉक्टर होतेय. तिसरं वर्ष.

पहिल्याच आठवड्यात त्यानं
हिच्या चपलेचा अंगठा खाल्ला, नळाचा वायसर,
आणि लाइट बिलाचा नेमका तेवढा भाग
जिथं रक्कम होती.
"दात येताहेत, पप्पा. चावणारच ते.
काय चावायचं, ते तुम्ही ठरवा."

सुटीच्या दिवशी गेलो मग बाजारात.
दुकानदारानं टोपली पुढं सरकवली :
पिवळं हाड, चूं करणारा बेडूक, लिंबाएवढे चेंडू.
"घ्या ना भो, शंभरात तीन."
मी बेडूक नाकाशी नेला.
बावीस वर्षं चटईच्या कारखान्यात आहे मी.
प्लास्टिक मला वासानं कळतं,
आईला नासकं दूध कळायचं तसं.
आधी बादली होतं, की पाइप, की सलाइनची नळी,
नाक सांगतं.
हा बेडूक तीनदा मेलेला होता.
ठेवून दिला.

हाडावर नख रोवलं. उमटलं नाही.
नख उमटत नाही ते दुधाच्या दातांना दगडच.
चेंडू मोसंबीएवढा तरी हवा,
लिंबाएवढा सरळ घशात.
"कुत्र्यासाठीच ना?" दुकानदार म्हणाला.
"हो," म्हटलं, "कुत्र्यासाठीच."

शेवटी एक कापडी हत्ती घेतला.
घरी येऊन ब्लेडनं त्याचे डोळे काढले,
दोन काळी बटणं,
मग गळ्यातली रिबीन, शेपटीची लोकर.
ही भाकरी थापता थापता थांबली.
"आंधळाच केला की हो त्याला."
बटणं शिवणाच्या डब्यात गेली.
माझ्या जुन्या बनियनांची मी वेणी घातली, घट्ट,
आणि एका टॉवेलला सहा गाठी मारल्या,
गाठीगाठीत कळण्याच्या भाकरीचा तुकडा.
भरीत अर्धा तास हुंगत, खेचत, गुरगुरत राहिलं,
पाचवी गाठ सुटली तशी
सहावीवर डोकं ठेवून झोपून गेलं.
पायांपेक्षा नाक दमलं की लवकर झोप लागते त्यांना.

एवढं सगळं मला आता कळतं.
तेव्हा नव्हतं कळत.
तेव्हा नाइट करून यायचो, पोरीसाठी काही घ्यावं
असं पाकिटात काही नसायचं,
म्हणून काडेपेटीत घालून मशीनवरचे दाणे आणायचो :
लाल, हिरवे, निळे, मसुराएवढे.
खुळखुळा म्हणून वाजवायची ती. रांगोळीत भरायची.
अडीच वर्षांची होती. एक नाकात गेला.
दवाखान्यात मी तिचे हात धरले होते,
डॉक्टरांनी चिमट्यात धरून उजेडात पाहिला,
म्हणाले, "छान रंग आहे."
अजून काय बोलणार.

काल फोनवर हत्ती दाखवला. हसली.
मग म्हणाली, "पप्पा, कामावरची पँट
बाहेर झटकता ना? दुमडीत अडकतात दाणे."
तिला आठवतं की तिच्या आईनं सांगितलंय,
मी विचारलं नाही.
तेव्हापासून रोज झटकतो, हेही बोललो नाही.
"हो," म्हटलं.

आज ओट्यावर उभा राहून झटकली,
डावी दुमडी, मग उजवी.
एक निघाला. निळा.
टप्पा खात पायरीवर थांबला
आणि भरीत कान टवकारून आलंच,
तोंडात सोंडेनं लोंबणारा तो हत्ती.
हत्ती टाकला. नाक पुढं केलं.

मी आधी पोचलो.
मुठीत आहे अजून.
ते माझी बोटं चाटतंय, एकेक,
उघडतात का पाहत.